एवढा पाऊस पडतो म्हणून रेनफॉरेस्ट होतं का? आपलं नॅशनल पार्क आणि अ‍ॅमेझॉन

बोरिवलीत आमच्या सोसायटीच्या मुलांनी ५ जूनच्या पर्यावरण दिनासाठी चार्ट केला होता. वर ठळक अक्षरात 'आपलं नॅशनल पार्क वाचवा' (म्हणजे इथलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) आणि खाली बिबट्याच्या शेजारी भल्यामोठ्या चोचीचा टूकान, फांदीवर अ‍ॅनाकोंडा, आणि झाडं सगळी एकजात हिरवीगार. टूकान आणि अ‍ॅनाकोंडा तर अ‍ॅमेझॉनकडचे, मला हसू आलं पण मुलांना काय बोलणार, कारण त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा मला ठासून सांगत होते की अरे मुंबईत एवढा धो धो पाऊस पडतो, मग हे रेनफॉरेस्टच की! म्हणजे सात वर्षांचं पोरगं काय आणि सत्तरीचे आजोबा काय, गोंधळ सेम. मी सुट्टीच्या दिवशी दोघांनाही ट्रेलला घेऊन जातो, त्यामुळे मला हे दरवेळी नव्याने समजावून सांगावं लागतं.

आजोबांचा मुद्दा तसा बिनबुडाचा नाहीये हां. ब्राझीलमधलं मनाउस शहर पार अ‍ॅमेझॉनच्या पोटात आहे आणि तिथे वर्षाला साधारण २३०० मिमी पाऊस पडतो. मुंबईत? जवळपास तेवढाच. फळ्यावर हे दोन आकडे शहरांची नावं न लिहिता मांडा आणि विचारा यातलं रेनफॉरेस्ट कुठलं, भलेभले गप्प बसतात.

फरक पावसाच्या हिशोबात नाही, वाटपात आहे. समजा दोन भावांना वर्षाचा पगार सारखाच आहे, पण एकाला दर महिन्याला थोडा थोडा मिळतो आणि दुसऱ्याला जून ते सप्टेंबरमध्ये सगळा एकदम, नंतर आठ महिने जवळपास ठणठण गोपाळ. मनाउस पहिला भाऊ, तिथे कोरडा म्हणतात त्या ऑगस्टमध्येसुद्धा सरी येतात. आपण दुसरा भाऊ, आणि आपला पगार कसा येतो ते २६ जुलै २००५ ला बघितलंय की सगळ्यांनी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी!

आता दुसरा भाऊ काय करेल, मार्चपासून खर्च बंद. साग, ऐन, पळस, काटेसावर हेच करतात, पानातून पाणी उडून जातं म्हणून पानंच टाकून देतात. म्हणून आपल्या जंगलाला पानझडी म्हणायचं. एप्रिलमध्ये पार्कातल्या सिलोंडा ट्रेलच्या बाजूला गेलात तर सगळं करडं-तपकिरी, पायाखाली सागाची पानं पापडासारखी कुरकुरतात, मधेच कहांडोळ पांढराफटक उभा (त्याला भुत्या म्हणतात ते उगीच नाही, रात्री दिसला तर खरंच दचकायला होतं). आणि याच वेळी लोक म्हणतात, अरेरे जंगल मेलं, पाणी घाला, हिरवं काहीतरी लावा. मेलं नाहीये हो, तो ओसाड दिसणारा पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये केशरी फुलून गेलेला असतो, तुम्ही तेव्हा आला नाहीत एवढंच.

अ‍ॅमेझॉनची झाडं मात्र वर्षभर पानं ठेवतात आणि वर्षभर पाणी हवेत सोडत राहतात, तेच पाणी पुढे परत पाऊस होऊन पडतं. एनेआस सालाती नावाच्या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवलं की तिथला जवळजवळ निम्मा पाऊस असा जंगलानेच परत फिरवलेला असतो. म्हणजे तिथे जंगल तोडलं की पुढच्या गावाचा पाऊससुद्धा तुटतो. छोट्यांना हे सांगून कळत नाही, म्हणून सोसायटीतल्या जास्वंदाच्या एका फांदीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी बांधायची, दोन-तीन तास ऊन लागू द्यायचं, मग आत जमलेले थेंब मोजायला सांगायचं. मोठी माणसंच जास्त वेळ बघत बसतात, स्वानुभव.

दुसरा मोठा फरक जमिनीत. अ‍ॅमेझॉनचं जंगल एवढं दाट म्हणून माती कसदार असेल असं वाटतं, पण बहुतेक ठिकाणी ती निकृष्टच असते, कस सगळा झाडांमध्ये आणि कुजणाऱ्या पाल्यात असतो. झाडं तोडून जाळली की राखेवर थोडी वर्षं गवत नाहीतर पीक येतं आणि मग माती संपते. आपला साग तोडला तर बुंध्यातून परत फुटवा येतो. (याचा अर्थ तोडा असं नाही, नाहीतर लगेच कोणीतरी स्क्रीनशॉट काढेल.)

आग म्हटलं की गोंधळ अजून वाढतो. ऑगस्ट २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉन पेटल्याच्या बातम्या आल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं आपल्यासारखा वणवा लागला असेल. पण ओलं जंगल आपणहून सहसा पेटत नाही, तिथे मुख्यतः गुरांच्या कुरणासाठी झाडं आधी पाडतात, वाळू देतात आणि मग काडी लावतात. आपल्याकडे वाळका पाला आयता पडलेला असतो, एक विडीचं थोटूक पुरतं. म्हणून फॉरेस्टवाले उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे पाला-गवत काढून मोकळा केलेला पट्टा, आग तिथे अडावी म्हणून. ट्रेलवर तो पट्टा दाखवला की कोणीतरी हमखास विचारतं, हे जंगल कोणी साफ केलं, कंप्लेंट कुठे करायची?

शाश्वत विकास शिकवतानासुद्धा दोन्हीकडे एकच उदाहरण चालत नाही. १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाची व्याख्या, आजची गरज भागवा पण पुढच्या पिढीची अडवू नका, ती ठीक आहे, पण मुलं ती पाठ करून पेपरात उतरवतात आणि विसरतात. अ‍ॅमेझॉनसाठी मी रबराची गोष्ट सांगतो, उभ्या झाडाला चीर देऊन चीक काढणारे लोक, त्यांचा नेता शिको मेंडिस, १९८८ मध्ये त्याचा खून झाला आणि नंतर १९९० मध्ये त्याच्या नावाने राखीव क्षेत्र झालं, जिथे लोक राहतात आणि जंगलही उभं राहतं. आणि आपल्यासाठी कारवी, हे सह्याद्रीतलं झुडूप. आठ वर्षांनी एकदा फुलते, २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली, बी धरते आणि मरते, आणि तिच्या काठ्यांच्या कुडाला माती-शेण लिंपून ठाणे-पालघरच्या पाड्यांवर भिंती होतात. हे ऐकल्यावर आजोबा एकदम खुलले, त्यांचं कोकणातलं जुनं घर कुडाचंच होतं, मग अर्धा तास तेच बोलले आणि मी गपचूप ऐकत बसलो.

बरं, सह्याद्रीत सदाहरित जंगल अजिबातच नाही असंही नाही. आंबोली, कोयना, भीमाशंकरकडे अंजनी, जांभूळ अशी बारमाही हिरवी झाडं आहेत, आपल्या पार्कातसुद्धा ओढ्याकाठी हिरवे पट्टे टिकून असतात. आणि पानाला लांब टोक दिसलं (रेनफॉरेस्टच्या बऱ्याच पानांना पाणी निथळायला असं टोक असतं) की लगेच रेनफॉरेस्ट असंही ठरवू नका, आपल्या पिंपळाचं पान बघा की.

यंदा चार्टचे दोन भाग केले, टूकान आणि अ‍ॅनाकोंडा डावीकडे गेले, उजवीकडे एप्रिलचं नॅशनल पार्क. त्यातला साग आजोबांनी स्वतः काढला, नुसत्या काटक्या, एकही पान नाही. लावायला गेलो तर एका मुलीची आई म्हणाली, अहो हे झाड अर्धवटच राहिलंय, हिरवा स्केचपेन आणून देऊ का?