आघाताची काच : बोहेमियाच्या शेतांपासून लोणारच्या काठापर्यंत

इंटरनेटवरच्या खड्यांच्या बाजारात 'मोल्डावाइट' हा हिरवा खडा अंतराळातून आलेलं रत्न म्हणून विकला जातो. तो आकाशातून पडला हे खरं, पण माती आपल्याच पृथ्वीची. ही गोष्ट सिद्ध व्हायला पावणेदोनशे वर्षं लागली.

१७८७ साली प्रागच्या योसेफ मायर यांनी बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, सापडणाऱ्या या काचेचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांना ती ज्वालामुखीची वाटली. ऑस्ट्रेलियातली अशीच काळी, बटणासारखी काच हाती आल्यावर चार्ल्स डार्विननेही १८४४ मध्ये तोच निष्कर्ष काढला. पण जवळपास ज्वालामुखी कुठे होता? १९०० साली भूवैज्ञानिक फ्रान्झ एडुआर्ड झ्यूस यांनी तिला 'टेक्टाइट' नाव दिलं आणि ती अवकाशातून आल्याचं मांडलं. पुढे चंद्राकडे बोट दाखवणारेही पुष्कळ झाले. अपोलोने १९६९ पासून चंद्रावरचे खडक आणले, त्यांची घडण टेक्टाइटशी जुळेना आणि तो वाद जवळपास मिटला.

दरम्यान १९६० साली अमेरिकी भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर जर्मनीतल्या रीस खोऱ्यात गेले. तिथल्या खडकात कोएसाइट सापडलं. हे गारेचं (क्वार्ट्झचं, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचं) प्रचंड दाबाखाली तयार होणारं रूप. सुमारे २४ किलोमीटर रुंदीचं ते खोरं म्हणजे अशनीने पाडलेलं विवर निघालं. दीड कोटी वर्षांपूर्वीच्या त्या धडकेत वरचा वाळू-मातीचा थर क्षणात वितळून उडाला आणि शेकडो किलोमीटरवर थिजून पडला. तेच मोल्डावाइट.

अस्सल तुकडा उजेडासमोर धरून भिंगातून पाहावा. आत लांबट बुडबुडे आणि वाहत्या रसाच्या रेघा दिसतात, मधेच तारेसारख्या वळलेल्या शुद्ध सिलिकाच्या काड्याही. गार वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. लाव्हा सहसा बाराशेच्या पुढे जात नाही. शिवाय ज्वालामुखीच्या काचेच्या तुलनेत टेक्टाइटमध्ये पाण्याचा अंश नगण्य, टक्क्याचा शंभरावा भाग वगैरे. मला ही दोन लक्षणं सगळ्यांत बोलकी वाटतात.

लिबिया-इजिप्तच्या सीमेवरची पिवळी वाळवंटी काच याहून जुनी, जवळपास २.९ कोटी वर्षांची, आणि ९८ टक्के सिलिकाची. तुतनखामेनच्या छातीवरच्या अलंकारातला भुंगा तिचाच कोरलेला आहे.

नाशिककरांसाठी खरी गोष्ट मात्र लोणारची. पांडवलेणी ज्या काळ्या कातळात खोदली, ब्रह्मगिरी ज्याचा उभा आहे, त्याच दख्खनच्या बेसॉल्टवर बुलढाण्यात अशनी कोसळला आणि १.८ किलोमीटर रुंदीचं विवर पडलं. पृथ्वीवर बेसॉल्टमधली विवरं फारच थोडी. या कातळात सिलिका निम्माच, लोह भरपूर. म्हणून लोणारची काच हिरवी-पिवळी नव्हे, काळीकुट्ट. १९७३ साली तिथे मॅस्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि विवर ज्वालामुखीचं की आघाताचं हा प्रश्न निकालात निघाला. मॅस्केलिनाइट म्हणजे फेल्डस्पार हे बेसॉल्टमधलं खनिज न वितळता, निव्वळ धक्क्याने काचेसारखं झालेलं. हा पदार्थ पहिल्यांदा ओळखला गेला तो १८६५ साली बिहारमधल्या शेरघाटीला पडलेल्या अशनीत, आणि तो अशनी मंगळावरचा! मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बेसॉल्टचा, म्हणून तिथल्या विवरांचे अभ्यासक लोणारला येतात. त्यामुळे तिथून आठवण म्हणून काळा खडा उचलून खिशात घालणाऱ्यांना मी नेहमी हात जोडून थांबवतो.

या वितळलेल्या खडकानेच लोणारचं वयही बदललं. आधी थर्मोल्युमिनेसन्सने, म्हणजे नमुना तापवल्यावर निघणारा प्रकाश मोजून, ते सुमारे ५२ हजार वर्षं ठरलं होतं. नंतरच्या आर्गॉन मापनात, म्हणजे खडकातल्या पोटॅशियमपासून काळाबरोबर साठत जाणारा आर्गॉन वायू मोजून, ते ५ लाख ७० हजारांच्या घरात गेलं. बेसॉल्टचा रस पातळ असतो, त्यामुळे वितळताना जुना आर्गॉन जवळजवळ सगळा निसटला आणि खडकातलं घड्याळ आघाताच्या क्षणापासून नव्याने चालू झालं. मला हाच आकडा जास्त भरवशाचा वाटतो.