गुडघ्याच्या वाटीचं ऑपरेशन झालंय, ब्रेस घ्यायचाय? आधी हे वाचा

ब्रेसचं, म्हणजे गुडघ्याला बांधायच्या बिजागरीवाल्या आधाराचं, माप द्यायला आलेले बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात, वाटी फुटलीय तर त्या पायावर उभं राहू का? आणि डॉक्टर तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच वॉकर धरून चालायला सांगतात, मग घरचे घाबरतात.

त्याचं असंय, वाटी हे मांडीच्या पुढच्या स्नायूच्या टेंडनमध्येच (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत) बसलेलं हाड आहे, वरून स्नायू ओढतो, खालून ती नडगीला बांधलेली. पाय सरळ असताना अंगाचा भार मांडीच्या हाडातून थेट नडगीत उतरतो, वाटीवर फारसा येतच नाही. गुडघा दुमडला की मात्र दोन्हीकडून ओढ बसते, आणि वाटी आडवी फुटली असेल तर वरचा तुकडा वर सरकून मधे फट पडते. म्हणूनच डॉक्टर सुरुवातीला पाय सरळ ठेवून उचलून दाखवा म्हणतात. उचलता आला आणि फट २-३ मिलिमीटरच्या आत असली तर बऱ्याचदा प्लास्टर किंवा ब्रेसवर ४ ते ६ आठवड्यांत भागतं, पाय उचलताच येत नसेल तर बहुतेक वेळा ऑपरेशन.

ऑपरेशनमध्ये तुकडे जुळवून दोन पिना उभ्या घालतात आणि वाटीच्या पुढून स्टीलची तार इंग्रजी आठच्या आकारात फिरवून पिळून घट्ट करतात, याला टेन्शन बँड म्हणतात. युक्ती भारी आहे, गुडघा वाकला की पुढची तार ताणली जाते आणि मागे सांध्याच्या बाजूला तुकडे एकमेकांवर दाबले जातात, म्हणजे जी ओढ हाड फाडत होती तीच आता जोडायच्या कामाला येते. काही जणांना पिनांऐवजी पोकळ स्क्रू घालतात, चुरा झाला असेल तर प्लेट. अख्खी वाटी काढणं अगदीच नाइलाज असेल तरच, कारण मग पाय सरळ करायची ताकद कमी होते.

आता ब्रेस. बाजूच्या बिजागरीवर डिग्रीचे आकडे असतात, ती बिजागरी वाटीच्या मध्याच्या रेषेत यायला हवी, दोन बोटं जरी खाली घसरली तरी ब्रेस भलतीकडेच वाकायला लागतो. चालताना तो घसरतोच, मग थांबून परत वर घ्यायचा. गुडघ्यालगतचे पट्टे आधी लावा, टोकाचे नंतर. सुरुवातीला लॉक शून्यावर, म्हणजे पाय पूर्ण सरळ, पुढे डॉक्टर सांगतील तसं ३०, ६०, ९०. "आज बरं वाटतंय" म्हणून स्वतः आकडा वाढवू नका, आणि उलट भीतीपोटी महिनोन्महिने शून्यावरच ठेवलात तर सांधा आखडतो, तो मोकळा करणं ऑपरेशनपेक्षा जास्त छळतं.

पोटरी सुजून दुखायला लागली, टाक्यांतून पाणी किंवा पू येतोय, ताप आहे, किंवा काल उचलला जाणारा पाय आज उचलतच नाही, तर आमच्याकडे नको, सरळ डॉक्टरांकडे जा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच इमर्जन्सी.

वाटीवर कातडी पातळ असते त्यामुळे तारेचं टोक हाताला लागतं, गुडघे टेकले की टोचतं. हे खूप जणांना होतं, हाड पक्कं जुळल्यावर तार काढता येते.

माप द्यायला येताना सैल पँट घाला, आणि किती डिग्री ठेवायची हे लिहिलेला डॉक्टरांचा कागद आणा, त्याशिवाय आम्ही लॉकला हात लावत नाही.