राइट नाऊ, राँग देन

होंग सांग-सू यांनी लिहून दिग्दर्शित केलेला २०१५ सालचा कोरियन चित्रपट. नावाचा अर्थ ‘आता बरोबर, तेव्हा चूक’. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो चित्रपट महोत्सवात त्याला ‘सुवर्ण बिबट्या’ हा सर्वोच्च पुरस्कार आणि नायक जंग जे-यंग यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

हाम चुन-सू हा नावाजलेला दिग्दर्शक आपल्या चित्रपटाच्या खेळासाठी सोलच्या दक्षिणेकडील सुवोन शहरात चुकून एक दिवस आधी पोहोचतो. वेळ घालवायला जुन्या राजवाड्यात गेला असता केळ्याच्या चवीचं दूध पीत बसलेली ही-जंग (किम मिन-ही) ही तरुण चित्रकार त्याला भेटते. कॉफी, तिचा स्टुडिओ, सुशीच्या दुकानात सोजू ही कोरियन दारू, मग तिच्या मैत्रिणीकडची बैठक, असा दिवस सरतो. तासाभरानंतर शीर्षक पुन्हा पडद्यावर येतं आणि तोच दिवस पहिल्यापासून सुरू होतो. असं का घडतं, याचा खुलासा चित्रपट करत नाही; त्याची गरजही भासत नाही.

सगळा अर्थ दोन्ही दिवसांतल्या बारीक फरकांत आहे. पहिल्या खेपेला चुन-सू तिच्या चित्राची तोंडभरून स्तुती करतो. पुढे बैठकीत उघड होतं, की हेच शब्द तो मुलाखतींत स्वतःच्या चित्रपटांबद्दल वापरतो. शिवाय तो विवाहित असल्याचंही तिला तिथेच, इतरांकडून कळतं. दुसऱ्या खेपेला तो चित्रातली उणीव तोंडावर सांगतो. ती दुखावते, चिडते. पण नंतर आपलं लग्न झालंय, मुलं आहेत, हे तो सोजू पिता पिता स्वतःच रडत कबूल करतो. तरी हा दुसरा चुन-सू काही सज्जन नव्हे. त्याच रात्री दारूच्या नशेत तो तिच्या मैत्रिणींसमोर कपडे उतरवतो! म्हणूनच या चित्रपटाला खरेपणाच्या विजयाची बोधकथा म्हणणं मला पटत नाही.

होंग त्या त्या दिवसाचे संवाद सकाळी लिहून नटांच्या हाती देतात. लांबलचक, न तोडलेली दृश्यं आणि मध्येच पुढे सरकणारा झूम ही त्यांची खूण. चित्रपट आणि प्रेम हे विषय त्यांच्याकडे वारंवार येतात. इथे ते अतिशय हळुवारपणे एकत्र गुंफले आहेत. शेवटी ही-जंग त्याचा चित्रपट पहिल्यांदाच पाहायला येते. तो अंधाऱ्या प्रेक्षागृहातच तिचा निरोप घेतो. चित्रपट संपल्यावर ती एकटी बाहेर पडते, तेव्हा सुवोनमध्ये बर्फ पडत असतो.