प्रौढांमधील अन्ननलिकेचे जन्मजात दोष : निदानाची पार्श्वभूमी
गोव्यात जेवताना घास अडकल्याची तक्रार कोणी केली, की घरच्यांचा पहिला संशय माशाच्या काट्यावर आणि काटा न सापडल्यास पित्तावर जातो. हे अंदाज पुष्कळदा बरोबरही ठरतात. मात्र ज्याची अन्ननलिका जन्मतःच अरुंद आहे, असा एखादा रुग्ण त्यामुळे चाळिशीपर्यंत निदानाविना राहतो. हळू जेवणे, घासागणिक पाणी पिणे हे त्याच्या इतके अंगवळणी पडलेले असते की ती तक्रार आहे असे त्याला वाटतच नाही.

या दोषांची पहिली ओळख शवविच्छेदनातूनच झाली. इंग्लंडमधील डेव्हिड बेफर्ड यांनी 1794 साली प्रसिद्ध केलेल्या टिपणातील 62 वर्षांच्या स्त्रीला गिळण्याचा त्रास कित्येक वर्षे होता. तिच्या मृत्यूनंतर दिसले, की उजव्या हाताकडे जाणारी धमनी भलत्याच जागेतून निघून अन्ननलिकेला दाबत होती. बेफर्ड यांनी याला ‘निसर्गाची थट्टा’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले आणि ते आजही रूढ आहे. ही धमनी शंभरात एखाद्या माणसात आढळते, पण त्यांतील बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. म्हणून ती स्कॅनमध्ये दिसली एवढ्यावरून तिला दोषी ठरवणे घाईचे होईल.

आजच्या गोमेकॉची, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची, पूर्वज असलेली वैद्यकीय शाळा 1842 मध्ये पणजीत सुरू झाली, तेव्हा जिवंत माणसाची अन्ननलिका आतून नीट पाहण्याचे साधन जगात कोठेही नव्हते. जर्मन डॉक्टर कुसमाउल यांनी 1868 मध्ये तलवार गिळणाऱ्या कसरतपटूवर ताठ नळीचा प्रयोग केला. 1895 नंतर क्ष-किरण आणि पुढे बेरियम, म्हणजे गिळल्यावर क्ष-किरणांत अन्ननलिका उठून दिसावी म्हणून दिले जाणारे द्रव्य, आले. त्यांच्या आधारे जर्मन क्ष-किरणतज्ज्ञ कोमेरेल यांनी 1936 मध्ये ती वाट चुकलेली धमनी जिवंत रुग्णात ओळखली, आणि 1946 मध्ये अमेरिकी शल्यविशारद रॉबर्ट ग्रॉस यांनी तिच्यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले.

साधने सुधारली तशा जुन्या चुकाही उघड झाल्या. तरुणांच्या अन्ननलिकेतील ज्या कड्या पूर्वी जन्मजात मानल्या जात, त्यांतील पुष्कळ इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमुळे होणाऱ्या दाहाच्या आहेत, हे 1990 नंतर स्पष्ट झाले. म्हणून आज दुर्बिणीतून अन्ननलिकेच्या अस्तराचा तुकडा काढून तपासल्याशिवाय फुगा घालून रुंदीकरण करणे योग्य मानले जात नाही. शिवाय भिंतीत कूर्चा (मऊ हाड) असलेला अरुंद भाग फुग्याला दाद देत नाही आणि फाटण्याचा धोका असतो. तेथे तो भाग कापून काढावा लागतो. पातळ पदार्थ पिताच ठसका लागत असेल आणि न्यूमोनिया वारंवार होत असेल, तर अन्ननलिकेला श्वासनलिकेशी जोडणाऱ्या बारीक मार्गाचा शोध ब्राँकोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, घ्यावा लागतो.