प्रवर्तन कठिनीकरण

पोलादी भागाचा केवळ पृष्ठभाग विद्युत् प्रवर्तनाने तापवून लगेच थंड करण्याची व त्यायोगे तो कठीण करण्याची प्रक्रिया. कारखान्यांत ‘इंडक्शन हार्डनिंग’ हेच नाव रूढ आहे. क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, ॲक्सल, दातेरी चाके यांसाठी ती वापरतात.

उद्गमाबाबत मतभेद आहेत. विद्युत् प्रवर्तनाचे, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात प्रवाह उत्पन्न होण्याचे, मूळ तत्त्व फॅराडे यांचे (१८३१). अमेरिकी लेखक पृष्ठ-कठिनीकरणाचे श्रेय क्रँकशाफ्टच्या जर्नलांवर (धारव्यात फिरणाऱ्या गोल भागांवर) हे काम करणाऱ्या ओहायो क्रँकशाफ्ट कंपनीला देतात, तर सोव्हिएत लेखक लेनिनग्राडचे अभियंते व्ही. पी. व्होलोग्दिन यांना. दोन्ही कामे साधारणपणे १९३०–४० या दशकातली आहेत. मिडव्हेल स्टील या अमेरिकी कंपनीचे लाटण-यंत्राच्या रोलवरील प्रयोग त्याआधीचे, बहुधा १९२७च्या सुमाराचे, सांगतात. एकाने दुसऱ्याचे उचलले असे मानण्यापेक्षा ही कामे स्वतंत्रपणे झाली असावीत, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

भागाभोवतीच्या तांब्याच्या कॉइलमधून उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडला की पोलादात आवर्त प्रवाह (भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युत् प्रवाह) उत्पन्न होतात. वारंवारता जितकी जास्त, तितके ते पृष्ठालगत दाटतात. सुमारे ७७०° से.ला पोलादाचे लोहचुंबकत्व जाते आणि प्रवाह एकाएकी खोल शिरतो. तापलेल्या पोलादात ही खोली १ किलोहर्ट्‌झला सुमारे १७ मिमी., १० किलोहर्ट्‌झला ५ मिमी. आणि १०० किलोहर्ट्‌झला १.७ मिमी. भरते. कठीण थराची जाडी मात्र एवढ्यावरून ठरत नाही. शक्ती, तापवण्याचा वेळ आणि आधीची संरचना यांचाही तीत वाटा असतो. बारीक संरचनेचे पोलाद लवकर ऑस्टेनाइट (तापल्यावर होणारे, कार्बन विरघळवून घेणारे रूप) होते. भरड फेराइट (जवळजवळ कार्बनरहित लोहाचे कण) असेल तर कार्बन पसरायला वेळ पुरत नाही आणि मऊ ठिपके राहतात.

नंतर पाण्याचा किंवा पॉलिमर द्रावणाचा फवारा मारला की मार्टेन्साइट (झटपट थंड केल्याने होणारे पोलादाचे अतिकठीण रूप) बनते. ०.४ ते ०.५ टक्के कार्बनाच्या पोलादात रॉकवेल सी या कठीणतेच्या मापावर ५० ते ६० कठीणता मिळते. मार्टेन्साइट बनताना थर फुगतो, पण थंड गाभा त्याला आवरून धरतो. त्यामुळे पृष्ठावर दाबाचे अवशिष्ट (आत कायम राहणारे) प्रतिबल उरते आणि श्रांतिबल, म्हणजे वारंवार बदलणारा भार सोसण्याची क्षमता, वाढते. कठीणतेपेक्षा हाच लाभ काही वेळा मोलाचा ठरतो. ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुढे साधारण १५०–२०० अंश से.वर टेंपरिंग करतात, म्हणजे भाग पुन्हा थोडा तापवतात.

जर्नलवरील तेलाच्या छिद्राची कड नेहमी जास्त तापते आणि तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून छिद्रात तांब्याची खुंटी ठोकण्याची पद्धत आहे. चावीगाळ्याच्या (चाक दांड्यावर पक्के करणारी चावी बसवण्याच्या खाचेच्या) कोपऱ्यांनाही हाच धोका असतो.

महाराष्ट्रात पुणे–पिंपरी-चिंचवड परिसरातील वाहनभाग उद्योगात ही प्रक्रिया रूढ आहे.