७७७ मारून मोकळं होऊ नका

परवा रात्री एका मित्राचा फोन आला, तो एका संस्थेचा लिनक्स सर्व्हर बघतो. ऑफिसातल्या एका मॅडमना दर सोमवारी एकच सेटिंगची फाइल बदलायची असते, पण परमिशन डिनाइड येतं. "मी ७७७ मारलं, चाललं की!" म्हणाला. मी कपाळाला हात लावला.

७७७ म्हणजे फाइलच्या परवानगीचे तीन आकडे, ते आधी बघू. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, बेरीज ७. पहिला आकडा मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा उरलेल्या समस्त जनतेचा. म्हणजे त्या फाइलवर आता मॅडमच काय, त्याच मशीनवर चालणारा वेबसाइटचा एखादा भोक पडलेला प्रोग्रामसुद्धा लिहू शकतो.

मग म्हणाला, बरं, सुडो देतो, फक्त व्हिम एडिटर आणि तीच एक फाइल. (सुडो म्हणजे साध्या युजरला ठरावीक काम रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वेसर्वाच्या, अधिकाराने करू देणारी कमांड.) ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण हे त्याहून वाईट आहे, आणि का ते कळायला थोडं आत शिरावं लागेल.

रूट म्हणजे नंबर ० चा युजर. साहेबांची गाडी आली की सोसायटीचा वॉचमन रजिस्टर पुढे करत नाही, तसं फाइल वाचताना-लिहिताना कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याच्यासाठी ते ७-५-४ चे आकडे बघतच नाही. आता साध्या माणसाला पासवर्ड तर बदलता आला पाहिजे, पण पासवर्ड ज्या शॅडो फाइलमध्ये असतात ती रूटची. यावर डेनिस रिची या युनिक्सच्या बापमाणसाने काढलेला तोडगा मला आजही भारी वाटतो, १९७९ मध्ये त्याचं पेटंटही मिळालं. प्रोग्रामच्या फाइलवर सेटयूआयडी नावाचा एक बिट, म्हणजे एक खूण, लावायचा, मग तो प्रोग्राम सुरू कोणीही करो, तो चालतो त्या फाइलच्या मालकाच्या अधिकाराने. चालत्या प्रोसेसला दोन ओळखी असतात, एक खरी (कोणी सुरू केलं) आणि एक इफेक्टिव्ह (कोणाच्या अधिकारात चाललंय), आणि कर्नल परवानगी तपासतो ती दुसरी बघून. सुडो याच बिटावर उभा आहे. १९८० च्या सुमाराला न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो कॅम्पसमध्ये बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो पहिल्यांदा लिहिला. तो आधी स्वतः रूट होतो, मग आपल्या परवानगीच्या यादीत बघतो की या माणसाला हे काम करू द्यायचं का.

आता व्हिमची गंमत. एडिटर रूट म्हणून उघडला की आतून कोलन, उद्गारचिन्ह आणि एसएच एवढं टाइप केलं की शेल, म्हणजे हवी ती कमांड द्यायची जागा, मिळतं, तेही रूटचं! फाइल एक दिली, गेला अख्खा सर्व्हर.

म्हणून सुडोएडिट, सुडोचंच फाइल बदलण्यापुरतं रूप. देवळात आपण गाभाऱ्यात जात नाही, हार पुजाऱ्याच्या हातात देतो आणि तो आत नेऊन घालतो, अगदी तसंच. सुडोएडिट मूळ फाइलची तात्पुरती कॉपी काढून ती तुमच्या नावावर करतो, एडिटर तुमच्याच साध्या अधिकारात उघडतो, आणि तुम्ही सेव्ह करून बाहेर पडलात की बदललेला मजकूर रूट म्हणून जागेवर नेऊन ठेवतो. आतून शेल उघडलं तरी ते तुमचंच, बिनअधिकाराचं. मात्र मजकुरात काय लिहिलंय ते तो बघत नाही, त्यामुळे रूट जी स्क्रिप्ट रोज चालवतो तीच फाइल कोणाला दिली तर पुन्हा सगळं दिल्यासारखंच.

अजून एक, फाइल डिलीट करायला त्या फाइलवर नाही, फोल्डरवर लिहायची परवानगी लागते, हे कित्येकांना माहीत नसतं. म्हणजे फोल्डर मॅडमच्या हातात असेल तर ती फाइल उडवून तिच्या जागी शॅडो फाइलकडे बोट दाखवणारी सिमलिंक ठेवता येते, आणि पूर्वी सुडोएडिट भोळेपणाने तीच उघडायचा. २०१५ मध्ये अशीच पळवाट सापडली होती, आता तो सिमलिंक आणि अशा फोल्डरमधल्या फाइली आपणहून नाकारतो. सुडोच्या यादीत चांदणीचं चिन्हही (*, म्हणजे 'इथे काहीही चालेल') जपून, कारण मेसेजेस या लॉग फाइलचं नाव आणि पुढे चांदणी असं लिहून फाइल दाखवणारी कॅट कमांड दिली की त्या चांदणीत मोकळी जागा आणि पुढे शॅडो फाइलचं नावसुद्धा बसतं. (इथे डोकं गरगरलं तर हा परिच्छेद सोडा.)

मित्राच्या केसमध्ये तर रूटची गरजच नव्हती, सेटएफएसीएल या एकेका युजरला वेगळी परवानगी देणाऱ्या कमांडने त्या एकाच फाइलवर मॅडमच्या नावाने वाचा-लिहा दिलं असतं तरी भागलं असतं. पण त्याला सुडोएडिटच आवडलं, ठीक आहे.

फक्त माझ्या लाडक्या सुडोएडिटचंही एक पाप सांगतो. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस कंपनीच्या लोकांनी सुडोतला एक बग जाहीर केला, यादीत नाव नसलेला साधा युजरही रूट होऊ शकत होता, आणि आत शिरायची वाट नेमकी सुडोएडिटच्या नावाने हाक मारण्यातच होती. बग २०११ पासून तिथेच होता, साडेनऊ वर्षं! सुडोच्या १.९.५पी२ व्हर्जनमध्ये तो बुजवला.

म्हणून मित्राला विचारलं, शेवटचा अपडेट कधी मारलास? तर गप्प. मग म्हणाला, "चालत्या मशीनला हात लावत नाही रे आम्ही. दर दसऱ्याला हार घालतो, रॅकला लिंबू-मिरची पण आहे."


म्हटलं, लिंबू राहू दे, व्हर्जन बघ. तो अजून बघतोय.