कॉलरबोनखालची साक्ष

पेसमेकरची तपासणी करताना रुग्णाला काहीच दुखत नाही. बहुतेक वेळा हे यंत्र डाव्या कॉलरबोनखाली, कातडीच्या आत बसवलेले असते. तपासताना त्या जागी कपड्यावरूनच एक चपटी, हातात मावणारी वस्तू धरतात. तिची वायर शेजारच्या प्रोग्रॅमरला, म्हणजे पेसमेकर वाचणाऱ्या संगणकासारख्या यंत्राला, जोडलेली असते. थोड्याच वेळात पडद्यावर आकडे दिसू लागतात. किती टक्के ठोके यंत्राने दिले, किती हृदयाने स्वतःहून दिले, गती कुठवर चढली, मधल्या काळात लय बिघडली का, हे सगळे त्यात असते. डॉक्टर प्रिंट काढतात आणि फाइलला लावतात.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या मिडलटाउन इथल्या पोलिसांनी अशाच नोंदी झडतीचे वॉरंट काढून मिळवल्या. सप्टेंबर 2016 मध्ये तिथल्या एका 59 वर्षांच्या गृहस्थाचे घर जळाले. त्याने सांगितले की आग दिसताच आपण बॅगा भरल्या, काठीने खिडकीची काच फोडली, सामान बाहेर टाकले आणि गाडीपर्यंत नेले. तपास करणाऱ्यांना आग एकाहून अधिक ठिकाणी लागल्याच्या खुणा दिसल्या, त्याच्या कपड्यांवर पेट्रोलचा अंश सापडला. त्याच्या छातीत पेसमेकर आहे हे कळल्यावर पोलिसांनी आगीच्या आधीचे, त्या वेळचे आणि नंतरचे ठोके मागवले. हृदयरोगतज्ज्ञाने ते पाहून मत दिले की अशा प्रकृतीच्या माणसाने एवढ्या कमी वेळात एवढे सामान हलवले असणे फारच असंभव वाटते. जानेवारी 2017 मध्ये त्याच्यावर जाळपोळ आणि विम्याच्या फसवणुकीचे आरोप ठेवले गेले.

पण जीव वाचवणारे यंत्र नोंदी ठेवू लागले तरी कधी? 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात सर्जन ऑके सेनिंग यांनी इंजिनियर रून एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर प्रथमच माणसाच्या शरीरात बसवला. तो काही तासांतच बंद पडला. त्या यंत्राला ठोके देण्यापलीकडे काही येत नव्हते. 1960 च्या दशकात ‘गरज असेल तेव्हाच ठोका’ देणारे पेसमेकर आले. गरज कधी आहे हे कळायचे, तर यंत्राला आधी हृदय ऐकावे लागणार. 1980 च्या दशकात त्यात हालचाल ओळखणारा सेन्सर आला, म्हणजे माणूस जिना चढू लागला की ठोकेही वाढावेत. ऐकलेले आणि ओळखलेले साठवून ठेवले, तर डॉक्टरला उपचार नीट बसवता येतात, म्हणून स्मृती आली. या शतकाच्या सुरुवातीला घरातूनच या नोंदी पाठवायची सोय झाली. रुग्णाच्या उशाशी एक छोटा डबा असतो. तो रात्री यंत्राशी बोलतो आणि माहिती उत्पादक कंपनीच्या सर्व्हरमार्गे दवाखान्यापर्यंत पोचवतो. यातली प्रत्येक पायरी रुग्णाच्या भल्यासाठीच चढली गेली. कोर्ट कुणाच्या मनातही नव्हते.

इम्प्लांटचा, म्हणजे शरीरात बसवलेल्या कृत्रिम वस्तूचा, तपासात उपयोग झाला आहे तो ओळख पटवण्यासाठीही. कॅलिफोर्नियात 2009 मध्ये एका तरुणीच्या मृतदेहाची ओळख तिच्या स्तनातल्या इम्प्लांटच्या सिरियल नंबरवरून पटली. तो नुसता क्रमांक होता. पेसमेकर याहून बरेच सांगतो. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी शवविच्छेदनाच्या वेळी ही यंत्रे वाचून मृत्यूची वेळ आणि कारण शोधण्याचे काम केले आहे. तिथेही घाई करून चालत नाही, कारण माणूस गेल्यावरही पेसमेकर आपले ठोके देतच राहतो.

जिवंत माणसाच्या शरीरातून पुरावा काढण्याचा प्रश्न मात्र कायद्याला जुना आहे, आणि अमेरिकेतल्या निकालांची ही साखळी नीट पाहण्यासारखी आहे. 1952 च्या ‘रोचिन’ खटल्यात आरोपीने गिळलेल्या कॅप्सूल बाहेर काढण्यासाठी पोलिसांनी त्याच्या पोटात जबरदस्तीने नळी घालायला लावली होती. सर्वोच्च न्यायालयाने हे मानवी विवेकाला धक्का देणारे ठरवले आणि शिक्षा रद्द केली. 1966 च्या ‘श्मर्बर’ निकालात दारू पिऊन गाडी चालवल्याचा संशय असलेल्या माणसाचे रक्त त्याच्या मर्जीविरुद्ध काढणे 5 विरुद्ध 4 मतांनी मान्य झाले. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क बोलण्यापुरता आहे, रक्ताला तो लागू नाही, असा त्यामागचा विचार. मग 1985 चा ‘विन्स्टन विरुद्ध ली’. दरोड्याचा संशयित, त्याच्या छातीत अडकलेली गोळी, आणि ती पुराव्यासाठी शस्त्रक्रियेने काढून द्या अशी सरकारी पक्षाची मागणी. न्यायालयाने नकार दिला. ही गोळी डाव्या कॉलरबोनखाली होती, पेसमेकर बसवतात त्याच भागात.

मला इथेच थांबून विचार करावासा वाटतो. त्या तिन्ही निकालांत न्यायालय नळी, सुई आणि सुरी यांचे मोजमाप करत होते. शरीराला किती इजा, किती धोका, किती अपमान, यावर रेषा ठरत होती. पेसमेकरच्या बाबतीत यातले काहीच होत नाही. कातडीला ओरखडाही न येता आतली नोंद बाहेर येते. जुन्या मापाने मोजले तर आक्रमण शून्य भरते, आणि ते माप इथे पुरत नाही असे माझे ठाम मत आहे. रक्ताचा नमुना एका क्षणाचा असतो. पेसमेकरची नोंद महिनोन्‌महिने चालू राहते. माणूस ती थांबवू शकत नाही, कारण थांबवली तर त्याच्या जिवावर बेतू शकते. फोन निदान घरी ठेवून बाहेर पडता येते.

ओहायोतल्या बचाव पक्षाने खासगीपणाचा मुद्दा मांडला होता. जुलै 2017 मध्ये बटलर काउंटीचे न्यायाधीश चार्ल्स पेटर यांनी तो फेटाळला. हृदयाचे ठोके ही काही फार गुप्त ठेवण्यासारखी गोष्ट नाही, अशा आशयाचे मत त्यांनी दिले. पोलिसांनी वॉरंट घेतले होते, ही त्यांच्या बाजूची मोठी गोष्ट. वैद्यकीय गोपनीयतेचा तिथला 1996 चा कायदाही न्यायालयाच्या आदेशापुढे माहिती द्यायला वाट ठेवतो. पुढच्याच वर्षी ‘कारपेंटर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मोबाइल कंपनीकडे साठलेल्या ग्राहकाच्या ठावठिकाण्याच्या नोंदींसाठीही सामान्यतः वॉरंट लागेल. उशाशी असलेल्या डब्यातून कंपनीकडे गेलेल्या माहितीला हाच न्याय लागावा असे मला वाटते.

दुसरा प्रश्न विश्वासार्हतेचा. पेसमेकर सगळे ठोके जसेच्या तसे साठवत नाही. स्मृती थोडी असते. त्यामुळे तो बरीचशी माहिती गोषवाऱ्याच्या रूपात ठेवतो, ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेरचे प्रसंग तेवढे तपशिलात ठेवतो, आणि जागा भरली की जुने पुसले जाऊ शकते. त्याचे घड्याळ बरोबर होते का, हेही तपासावे लागते. शिवाय काही औषधे ठोक्यांची गती दाबून ठेवतात, म्हणजे धावपळ करूनही आकडा फार चढत नाही. 2008 मध्ये अमेरिकी संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवले होते की शरीरात बसवायच्या डिफिब्रिलेटरशी (हृदयाची बिघडलेली लय विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणणाऱ्या यंत्राशी) रेडिओ लहरींवरून परक्या माणसालाही संपर्क साधता येतो आणि त्याची मांडणी बदलता येते. कोर्टापुढे आलेली नोंद अस्सल आहे हे म्हणूनच सिद्ध करावे लागते, गृहीत धरता येत नाही.

मिडलटाउनच्या खटल्यात या प्रश्नांचा कस लागला असता. पण सुनावणी पुढे पुढे ढकलली गेली आणि 2020 मध्ये आरोपीचाच मृत्यू झाला. ज्युरी बसली नाही, आणि ते ठोके वाचून मत देणाऱ्या डॉक्टरची ज्युरीपुढे उलटतपासणी झालीच नाही.